बेसबॉलच्या मायनर लीगमधला प्रॉस्पेक्ट कसा जोखायचा: आधी काय बघायचं, नंतर काय

मेजर लीगच्या टीमच्या खालच्या टीम म्हणजे मायनर लीग, आणि तिथून वर यायची आशा असलेला पोरगा म्हणजे प्रॉस्पेक्ट. दर सीझनला तेच होतं. एप्रिल संपत आला की कुणीतरी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतं, "हा बघा आपला पोरगा, सरासरी .३४०, याला वर का आणत नाहीत?" आणि खाली सगळे हो ला हो. मग कुणीतरी उघडून बघतं तर पोरगा चोवीस वर्षांचा, कॉलेजची चार वर्षं खेळून आलेला, सध्या खालच्या सिंगल-ए लेव्हलवर, आणि समोर बॉल टाकणारे एकोणीस-वीसचे. आकडा खरा असतो हो, पण आकडा आधी बघितला जातो आणि वय, लेव्हल, मैदान हे सगळं नंतर, आणि तोपर्यंत मत बनून गेलेलं असतं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. एखादी पायरी घाईत उरकली तरी चालेल, पण उलटसुलट केली की सगळं बोंबलतं.

## तयारी: एक टीम, एक शीट

एका वेळी एकच टीम घ्या. तीसच्या तीस टीमच्या फार्म सिस्टीम (त्यांच्या खालच्या सगळ्या मायनर लीग टीम) एकदम करायला गेलात तर दुसऱ्यांच्या याद्या कॉपी करण्यापलीकडे काही होत नाही.

एक साधी एक्सेल शीट करा आणि प्रत्येक खेळाडूसाठी एवढं भरा: पूर्ण जन्मतारीख (नुसतं वय नको), कुठल्या हाताने खेळतो, पोझिशन, सध्याची लेव्हल आणि तिथे कधीपासून आहे, टीमकडे कसा आला (ड्राफ्टमधून, परदेशातून साइन होऊन की ट्रेडमध्ये), साइन केलं तेव्हा वय किती होतं, चाळीस जणांच्या रोस्टरवर (मेजर लीग टीमच्या राखीव यादीत, पायरी ८ बघा) आहे का, आणि मोठी दुखापत. ही माहिती टीमच्या अधिकृत पानावर आणि बेसबॉल-रेफरन्स किंवा फॅनग्राफ्सवर फुकट मिळते.

ग्रेडचे (पायरी ७ मध्ये द्यायच्या गुणांचे) रकाने सध्या रिकामे ठेवायचे. आणि टीमच्या प्रॉस्पेक्टची कुठलीही टॉप-३० यादी अजून उघडायची नाही, कारण एकदा का "टीममध्ये ३ नंबर" असं वाचलं की मग तुम्ही त्या पोराला ३ नंबर ठरवायची कारणं शोधत बसता.

सावधान: हे काम एप्रिल-मेमध्ये करू नका. शंभरेक प्लेट अपिअरन्सवर (बॅटिंगला आलेल्या वेळांवर) हिटरबद्दल फार काही कळत नाही. एकदा जूनअखेर आणि एकदा सीझन संपल्यावर ऑक्टोबरात, एवढं पुरतं.

## पायरी १: लेव्हल आणि वय, दोन्ही एकत्र

प्रत्येक मोठ्या टीमच्या खाली पूर्ण सीझन खेळणाऱ्या चार टीम असतात: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए. त्याखाली ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या कॉम्प्लेक्स लीग, आणि सगळ्यात खाली डॉमिनिकन समर लीग, जिथे मुख्यतः सतरा-अठराची पोरं खेळतात.

माझा ढोबळ हिशेब असा: चांगला प्रॉस्पेक्ट सिंगल-एमध्ये वीसच्या आसपास, हाय-एमध्ये एकवीस-बावीस, डबल-एमध्ये बावीस-तेवीस. यापेक्षा दोन वर्षं लहान असून नुसता टिकून जरी राहिला तरी ती चांगली बातमी, आणि दोन वर्षं मोठा असेल तर त्याने धुमाकूळ घातला तरच लक्ष द्यायचं. २०१८ मध्ये हुआन सोतो सीझनच्या सुरुवातीला सिंगल-एमध्ये होता, मे महिन्यात वॉशिंग्टनकडून मेजर लीग खेळत होता, वय एकोणीस. मधे डबल-एमध्ये जेमतेम आठ मॅच. असे अपवाद असतात, पण त्यांना प्रत्येक लेव्हलवर वय आणि आकडे दोन्ही एकाच दिशेला ओढत असतात.

खरी उडी हाय-ए ते डबल-ए ही असते. खालच्या लेव्हलवर नुसत्या वेगावर चालून जातं, डबल-एमध्ये पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) फास्टबॉलखेरीज दुसरा आणि तिसरा पिच (म्हणजे बॉलचा प्रकार) हवा तिथे टाकता येतो, म्हणून नुसता फास्टबॉल मारणारे हिटर इथे उघडे पडतात. डबल-एमधले दोनशे प्लेट अपिअरन्स मला सिंगल-एच्या अख्ख्या सीझनपेक्षा जास्त सांगतात. आणि ट्रिपल-ए म्हणजे "जवळजवळ मेजर लीग" असं धरून चालू नका. तिथे अर्धे लोक अठ्ठावीस-तिशीचे, वर-खाली करून झालेले, स्पेअरमध्ये ठेवलेले असतात.

चेक: पोरगा वयाने मोठा आहे तर का मोठा आहे? जेकब डीग्रॉम कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप होता, २०१० ला नवव्या राउंडला घेतला, लगेच टॉमी जॉन सर्जरी (कोपराच्या लिगामेंटची) झाली, त्यामुळे पंचविसाव्या वर्षी मेजर लीगला पोचला आणि त्याच २०१४ साली रुकी ऑफ द इयर झाला. पिचिंगला उशिरा लागलेला, मधे दुखापत, हे कारण पटण्यासारखं आहे. कारणच सापडत नसेल तर वय म्हणजे वय.

## पायरी २: मैदान आणि लीग

हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की पाच हजार फुटांच्या वर, रिनो साडेचार हजारांच्या आसपास, सॉल्ट लेक चार हजारांवर. हवा विरळ, बॉल लांब जातो आणि ब्रेकिंग बॉल नीट वळत नाही. पाटा विकेटवर रणजीत ठोकलेलं तिहेरी शतक आपण जसं दोन बोटं अंतरावर ठेवून बघतो तसंच इथे करायचं.

ब्रँडन वूडचं उदाहरण पाठच करा. २००५ मध्ये रँचो कुकमोंगाकडून तेव्हाच्या कॅलिफोर्निया लीगमध्ये ४३ होम रन, देशातल्या वरच्या प्रॉस्पेक्टमध्ये नाव. त्या लीगमध्ये लँकेस्टर आणि ॲडेलँटोसारखी वाळवंटातली, वाऱ्याची मैदानं होती आणि तिथे बरेच जण हीरो व्हायचे. स्ट्राइकआउटही (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) त्याच वेळी ढिगाने दिसत होते, पण ४३ आकडा इतका मोठा की कुणाला ते बघायचंच नव्हतं. मेजर लीगमध्ये त्याची कारकीर्दीची सरासरी .१८६ राहिली.

मैदानाशिवाय नियम आणि बॉलही बघा. २०२३ च्या पहिल्या अर्ध्यात डबल-एच्या सदर्न लीगमध्ये आधीपासून चिकट केलेला बॉल वापरून बघितला गेला, स्ट्राइकआउट वाढले, मग तो प्रयोग बंद केला. म्हणजे त्या तीन महिन्यांत तिथल्या पिचरचे आकडे फुगलेले आणि हिटरचे पडलेले, आणि आजही लोक ते आकडे जसेच्या तसे वापरतात! ट्रिपल-एमध्येही २०२३ पासून सगळ्या पार्कांत कॉम्प्युटरचा स्ट्राइक झोन (बॉल स्ट्राइक की नाही ते यंत्र ठरवतं) कुठल्या ना कुठल्या रूपात आहे, त्यामुळे तिथले वॉक (चार बॉल झोनबाहेर पडले की फुकट मिळणारा फर्स्ट बेस) थोडे हातचे राखून वाचा.

चेक: होम आणि रोड (घरच्या आणि बाहेरच्या मैदानावरचे) आकडे वेगळे काढा. डब्ल्यूआरसी प्लस (हिटरची एकूण कामगिरी, १०० म्हणजे लीगचा मध्यम) बघत असाल तर त्यात लीगचा हिशेब असतो, पण मायनर लीगच्या बाबतीत पार्कचाही हिशेब झालाय असं गृहीत धरू नका.

## पायरी ३: हिटरचे आकडे, पण या क्रमाने

आता आकडे. सरासरी सगळ्यात शेवटी. आधी स्ट्राइकआउट रेट, मग वॉक रेट, मग पॉवर, मग बॅबिप म्हणजे मैदानात पडलेल्या बॉलवरची सरासरी.

एक पोरगा समजा. वय २२, हाय-ए, ४०० प्लेट अपिअरन्स, ३६२ ॲट-बॅट (वॉक वगैरे वगळून), १०५ हिट, १५ होम रन, ११२ स्ट्राइकआउट, ३२ वॉक, २ सॅक फ्लाय (झेल देऊन बाद, पण त्यावर टीमला धाव). सरासरी .२९०, दिसायला झकास. आता हिशेब करा. स्ट्राइकआउट २८ टक्के, वॉक ८ टक्के. बॅबिप काढायला हिटमधून होम रन वजा करा, ९० उरले. ॲट-बॅटमधून स्ट्राइकआउट आणि होम रन वजा करून सॅक फ्लाय मिळवा, २३७ आले. ९० भागिले २३७, म्हणजे .३८०. हे वेगवान पोरांनाही फार काळ टिकत नाही. तेच .३२० धरलं तर हिट होतात ९१ आणि सरासरी येते .२५१. आणि हे स्ट्राइकआउट तेवढेच राहतील असं धरून, जे डबल-एमध्ये राहत नाहीत. झकास दिसणारा पोरगा पाच मिनिटांत "बघू पुढे" मध्ये गेला.

माझ्या खुणा: हाय-ए किंवा खाली ३० टक्क्यांच्या वर स्ट्राइकआउट असेल तर लाल शेरा, मग पॉवर कितीही असू दे. २५ ते ३० मध्ये पिवळा. वॉक रेट चांगला असणं म्हणजे नेहमी चांगली नजर असं नाही बरं का, खालच्या लेव्हलवर पिचरनाच झोन सापडत नाही, नुसतं उभं राहिलं तरी वॉक मिळतात. म्हणून वरच्या लेव्हलला गेल्यावर वॉक टिकले का ते बघा.

उलट दिशेचं उदाहरणही ठेवा डोळ्यासमोर. मूकी बेट्स, २०११ ला पाचव्या राउंडचा, २०१२ मध्ये लोवेलच्या मायनर लीग टीमकडून ७१ मॅचमध्ये होम रन शून्य. पण वॉक आणि स्ट्राइकआउट जवळजवळ सारखे! पुढच्याच वर्षी १५ होम रन आले, २०१८ ला अमेरिकन लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). बॉलला बॅट लावता येणं आणि काय सोडायचं ते कळणं हे आधीपासून असलं तर पॉवर मागून येऊ शकते, उलट्या क्रमाने हे फार कमी वेळा घडतं.

बॉल बॅटवरून किती वेगाने निघतो याचा स्टॅटकास्ट डेटा सगळीकडे मिळत नाही, लोकांना बघता येतो तो मुख्यतः ट्रिपल-ए आणि सिंगल-एच्या फ्लोरिडा स्टेट लीगचा. मिळाला तर सरासरी वेगापेक्षा त्याचे सगळ्यात जोरात मारलेले दहा टक्के बॉल बघा, पॉवर तिथे दिसते.

सावधान: डावखुरा हिटर असेल तर डावखुऱ्या पिचरविरुद्धचे आकडे वेगळे काढा. एकूण आकडा छान आणि डावखुऱ्यांसमोर पार झोपलेला, असे पुष्कळ असतात, आणि तो मग रोजचा खेळाडू राहत नाही.

## पायरी ४: पिचर

ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने एररशिवाय दिलेल्या धावा) विसरा. खालच्या लेव्हलवर फील्डिंग भीषण असते, स्कोअररही वाटेल तसं एरर देतात. स्ट्राइकआउट टक्क्यातून वॉक टक्का वजा करा, तो एक आकडा बराच प्रामाणिक आहे. २० च्या वर असेल तर मजा, १० च्या खाली असेल तर कारण शोधा.

मग विचारायचं: हा स्टार्टर (मॅच सुरू करून बऱ्याच इनिंग टाकणारा) राहील का? त्याला तीन पिच लागतात, आणि त्यातला एक असा की जो उलट्या हाताच्या हिटरला चालतो, बहुतेक वेळा चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू बॉल). फास्टबॉल-स्लायडर एवढ्यावर सिंगल-एमध्ये दहा-दहा स्ट्राइकआउट घेणारे पुढे रिलीव्हर (मधे येऊन एक-दोन इनिंग टाकणारे) होतात, त्यात वाईट काही नाही, फक्त ग्रेड तशी द्या. उलट चोवीस वर्षांचा कॉलेजचा डावखुरा, ८९ मैलांचा फास्टबॉल आणि सुंदर चेंजअप, तो सिंगल-एच्या पोरांना नाचवतो आणि डबल-एमध्ये मार खातो.

वेगाबद्दल लिहिताना "कितीपर्यंत गेला" आणि "किती वर टिकून राहतो" हे वेगळं लिहा. "९८ टाकतो" म्हणतात तेव्हा तो बहुतेक वेळा ९४ टाकत असतो आणि एकदा कधीतरी ९८ दिसलेला असतो. पाचव्या इनिंगमध्ये काय आहे ते नोंदवा.

नुसत्या वेगाचं काय होतं हे आपल्याकडच्या दोघांनी बघितलंय. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे, उत्तर प्रदेशातला भालाफेकवाला, जो पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला) आणि दिनेश पटेल, २००८ च्या टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडले, पिट्सबर्ग पायरेट्सने साइन केले, २००९ मध्ये गल्फ कोस्ट लीगमध्ये (फ्लोरिडातली तेव्हाची कॉम्प्लेक्स लीग) खेळले. आधी कधी बेसबॉल हातात न धरलेल्या पोरांनी वर्षभरात तिथे उभं राहणं हेच केवढं मोठं, पण मेजर लीगला दोघंही पोचले नाहीत. हात होता, मधली वर्षं नव्हती.

चेक: टॉमी जॉन झालेली असेल तर तारीख बघा. परत यायला बारा ते अठरा महिने जातात, वेग आधी येतो, कंट्रोल शेवटी. परत आल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांचे वॉक बघून कुणाला बाद करू नका.

## पायरी ५: प्रत्यक्ष बघणं

अमेरिकेत असाल तर हे सोपं आहे आणि तरी कुणी करत नाही. एडिसन-ब्रिजवॉटरकडच्या मंडळींना यांकीजची डबल-ए टीम सॉमरसेट पेट्रिअट्स घराजवळ, डॅलसवाल्यांना फ्रिस्कोत रेंजर्सची डबल-ए, रॅले-डरममध्ये रेजची ट्रिपल-ए डरम बुल्स, बे एरियात सॅन होजे जायंट्स. मेजर लीगच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि प्लेटमागची सीटसुद्धा परवडते. मुलांना हॉट डॉग देऊन बसवा आणि तुम्ही कामाला लागा.

कुठे बसायचं: पिचर बघायचा तर प्लेटच्या मागे. उजव्या हाताने मारणारा हिटर बघायचा तर फर्स्ट बेसच्या बाजूला, डावखुरा असेल तर थर्डच्या बाजूला, म्हणजे त्याची छाती आणि हात दिसतात, नुसती पाठ नाही. मॅचच्या आधी पोचा आणि इनफिल्डचा सराव बघा. बॅटिंग प्रॅक्टिसमधल्या होम रनवर मात्र फिदा होऊ नका, तिथे कोच हळू टाकतो.

स्टॉपवॉच न्या, फोनमधलं चालतं. बॅटला बॉल लागला की सुरू, पाय फर्स्ट बेसला लागला की बंद. उजव्या हाताच्या हिटरसाठी ४.३ सेकंद म्हणजे मध्यम वेग, डावखुऱ्यासाठी ४.२, कारण तो बेसच्या जवळून निघतो. कॅचरने बॉल पकडल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लव्हमध्ये जाईपर्यंत २.० सेकंद हा मध्यम आकडा. बंट (बॅट नुसती आडवी धरून बॉल हळूच ठेवणं) किंवा मारतामारताच पळत सुटलेला डावखुरा असेल तर ती वेळ लिहायचीच नाही.

आणि बॉलच्या मागे डोळे फिरवायचे नाहीत. एकच खेळाडू निवडा आणि इनिंगभर तोच बघा. दोन स्ट्राइक झाल्यावर बाहेर जाणाऱ्या स्लायडरला काय करतो? पहिल्या वेळी फसला तोच पिच तिसऱ्या वेळी आला तर सोडतो का? शॉर्टस्टॉप असेल तर उजवीकडे खोल जाऊन फेकताना हात पुरतो का? कुठला पिच, कुठे, काय केलं, तीन शब्दांत लिहा. "मस्त स्विंग" असं लिहिलंत तर महिन्याने वाचून काही कळणार नाही.

सावधान: एका मॅचवरून ग्रेड द्यायची नाही. एका मॅचवरून फक्त प्रश्न काढायचे, जे आकड्यांत तपासता येतील.

## पायरी ६: पोझिशन टिकेल का

कॅचर, शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड वरती, फर्स्ट बेस आणि लेफ्ट फील्ड खाली. मध्यम बॅटचा शॉर्टस्टॉप मेजर लीगमध्ये रोज खेळतो, तीच बॅट फर्स्ट बेसला आली की बेंचवर. तेव्हा नावापुढे काय लिहिलंय ते सोडा, यंदा किती मॅच कुठे खेळला ते मोजा. टीमच त्याला निम्म्या मॅच सेकंड बेसला लावत असेल तर टीमने उत्तर देऊन टाकलंय.

## पायरी ७: आता ग्रेड

२० ते ८० ची पट्टी, ५० म्हणजे मेजर लीगचा मध्यम. (मायनर लीगचा मध्यम नव्हे, इथे अर्धे लोक घसरतात.) हिटरला पाच: हिट, पॉवर, वेग, फील्डिंग, हात. पिचरला प्रत्येक पिच आणि कंट्रोल. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे लिहा, आत्ताचा आणि पुढचा, म्हणजे १९ वर्षांच्या पोराची पॉवर ३०/५५ असू शकते. या दोन आकड्यांमधलं अंतर जितकं मोठं तितकी जोखीम मोठी.

शेवटी एक एकूण ग्रेड: ६० म्हणजे ऑलस्टारच्या आसपासचा, ५० रोज खेळणारा, ४५ आलटून-पालटून खेळणारा किंवा पाचवा स्टार्टर, ४० बेंच आणि वर-खाली करणारा. त्यापुढे जोखीम आणि अंदाजे कुठल्या वर्षी वर येईल ते.

चेक: तुमच्या शीटमध्ये ५० आणि वरचे किती झाले? एका टीममध्ये चार-पाच असले तरी ती चांगली सिस्टीम. पंधरा झाले असतील तर तुम्ही फॅन म्हणून ग्रेड दिल्यात, पुन्हा बसा. बहुतेक नावं ४० आणि खालीच यायला हवीत.

## पायरी ८: रोस्टरचं घड्याळ

१८ किंवा त्याआधी साइन झालेल्या पोराला पाच सीझननंतर, १९ किंवा पुढे झालेल्याला चार सीझननंतर चाळीसच्या रोस्टरवर घ्यावं लागतं, नाहीतर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरी टीम एक लाख डॉलर देऊन उचलू शकते, फक्त मग त्याला पुढचा अख्खा सीझन २६ जणांच्या मेजर लीग टीममध्ये ठेवावं लागतं, नाहीतर परत द्यायची ऑफर करावी लागते. म्हणून नोव्हेंबरात टीम कुणाला वाचवते आणि कुणाला सोडते हे बघा, आतल्या लोकांचं मत त्यातून कळतं. पण सोडला म्हणजे भंगार असंही नाही, गॅरेट व्हिटलॉक यांकीजने सोडला होता, टॉमी जॉनमधून सावरत होता, रेड सॉक्सने डिसेंबर २०२० मध्ये उचलला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या बुलपेनचा (रिलीव्हरच्या ताफ्याचा) आधार झाला.

रोस्टरवर आल्यावर साधारण तीन ऑप्शनची वर्षं मिळतात, म्हणजे त्या काळात त्याला खाली-वर करता येतं. ती संपली की टीमला निर्णय घ्यावाच लागतो, तेव्हा शीटमध्ये किती उरलीत तेही लिहा.

## पायरी ९: आता यादी उघडा

आता टॉप-३० उघडा आणि शेजारी ठेवा. पाच-दहा नंबरचा फरक सोडून द्या. जिथे तुमची ग्रेड दहा गुणांनी वेगळी आहे तिथे थांबा आणि कारण एका वाक्यात लिहा. वाक्य लिहिता आलं नाही तर बहुतेक त्यांच्याकडे तुम्हाला न दिसलेली माहिती आहे, बॅकफील्डवरची (सरावाच्या मैदानांवरची) किंवा दुखापतीची. लिहिता आलं तर आपली ग्रेड ठेवा, घाबरू नका.

पुढे ग्रेड बदलायची ती शरीरात किंवा खेळात काही बदललं तरच: वेग टिकून दोन मैलांनी वाढला, नवा पिच आला, स्विंग बदलला, पोझिशन बदलली, वरच्या लेव्हलवर स्ट्राइकआउट टिकले. दोन आठवड्यांच्या फॉर्मवर नाही. प्रत्येक बदलापुढे तारीख टाका आणि जुना आकडा खोडू नका, शेजारी नवा रकाना करा.